साधी काच

भांडणाची सुरुवात रोज सकाळी शेवटच्या टोस्टपासून व्हायची. ताटलीत एकच टोस्ट उरला की चष्मेवाले ती ताटली व्याह्यांकडे सरकवायचे आणि व्याही ती परत चष्मेवाल्यांकडे. "घ्या हो, माझं झालंय." "छे छे, मला सकाळी जातच नाही." ताटलीच्या या येरझाऱ्यांनी टेबलावरच्या रेक्झिनवर मधोमध पांढरा पट्टा उमटला होता. तोवर टोस्ट निवायचा, वातड व्हायचा, आणि शेवटी चार वर्षांची नात येऊन "माझा!" म्हणत तो उचलून न्यायची. या घरात शहाणं माणूस काय ते एवढंच आहे, असं तिची आई म्हणायची. आणि आईचं म्हणणं कानाआड करण्यासारखं नव्हतं, कारण तिचं पोटच त्यावर चाललं होतं.

आई म्हणजे चष्मेवाल्यांची लेक. ती कॉलेजात खेळांचं गणित शिकवायची. खेळ म्हणजे चेंडूफळी नव्हे. दोन माणसं एकमेकांचा अंदाज घेत काय करतील आणि शेवटी कुठे येऊन थांबतील, त्याचं गणित. जिथून एकट्याने हलून कुणाचाच फायदा नाही आणि म्हणून कुणी हलतच नाही, त्या जागेला ती समतोल म्हणायची. तिचा स्वतःचा अभ्यास आणखीच चमत्कारिक होता. खेळणारे एकमेकांच्या जिवावर उठलेले नसतील, उलट एकमेकांना जीव लावणारे असतील, तर समतोल कुठे सापडतो? थोडी माया असली की सगळं सुधारतं, असं तिला आढळलं होतं. फार माया असली की काय होतं, तिच्या पुस्तकातलं तेवढं प्रकरण अडलं होतं. अडणारच. ती लिहायला बसायची त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टोस्टची ताटली फिरत असायची.

चष्मेवाल्यांनी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं होतं. डोळे तपासायचे, काचा घासायच्या, नाकावर फ्रेम बसवून द्यायची. व्याही, म्हणजे जावयाचे वडील, लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. दोघांच्याही बायका आधीच गेलेल्या. नात झाली तेव्हा दोघं आठवडाभर म्हणून आले आणि तिथेच मुरले. घरात एक खोली त्यांच्यासाठी मोकळी केली होती. खिडकीशी खाट, खाटेवर जाड गादी. पण खाट एक आणि माणसं दोन. "तुम्ही झोपा, तुमची कंबर." "तुम्ही झोपा, तुमचे गुडघे." असं करत दोघंही हॉलमध्ये फरशीवर सतरंजी टाकून झोपू लागले. खाटेवर त्यांच्या बॅगा असत. बॅगांची कंबर शाबूत राहिली.

लिफ्टशी तर रोज तमाशा. दार उघडायचं, दोघंही एक पाऊल मागे सरायचे आणि "तुम्ही आधी" सुरू व्हायचं. दार वाट बघून कंटाळायचं आणि बंद व्हायचं. रिकामी लिफ्ट वर जायची, कुणाला तरी घेऊन खाली यायची, आणि त्या माणसाला हे दोघे पुन्हा तिथेच दिसायचे. वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर एकदा दोघांच्या मधून सरळ आत घुसली आणि म्हणाली, "मी जाते आधी." दोघांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिचे आभार मानले. पण या गोष्टींची लागण होते. महिन्याभरात तळमजल्यावरचा शिंपी आणि त्याचा भाडेकरूसुद्धा लिफ्टच्या दाराशी मागे सरू लागले. मग पोस्टमन. दातांची डॉक्टर जिन्याने ये-जा करायला लागली आणि तिचे गुडघे दुखू लागले.

"बाबा, अरे कुणीतरी एकाने घ्यायचं ना!" लेक कपाळाला हात लावायची.

"मी कुठे नाही म्हणतो?" चष्मेवाले म्हणायचे. "त्यांनी घ्यावं."

तिने नाणं उडवून पाहिलं. ज्याच्या बाजूने नाणं पडायचं तो हक्क मिळाल्याबरोबर दुसऱ्याला देऊन टाकायचा, आणि आता हक्काचं देत असल्यामुळे दुप्पट जोराने द्यायचा. मग तिने सक्त हुकूम काढला. हा आठवडा स्वार्थाचा. प्रत्येकाने फक्त स्वतःपुरतं बघायचं. दोघांनीही माना डोलावल्या. लेकीचा अभ्यास अडलाय, तिच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं, असं दोघांनाही वाटलं. म्हणजे स्वार्थी व्हायचं तेही परोपकार म्हणून! याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

बाल्कनीत एक वेताची खुर्ची होती, उन्हाला तोंड करून. ती दोघांनाही आवडायची आणि म्हणून तिच्यावर कुणी बसत नसे. स्वार्थाच्या पहिल्या दिवशी चष्मेवाल्यांनी विचार केला की आपण बसलो तर व्याह्यांना बरं वाटेल. त्याच क्षणी लिफ्टवाल्यांनीही तोच विचार केला. दोघं दोन दारांनी बाल्कनीत आले, दोघांनी डोळे मिटून मन घट्ट केलं, आणि दोघंही एकदम बसले. खुर्चीचा पाय कडकन मोडला. फरशीवर पडल्या पडल्या लिफ्टवाले म्हणाले, "लागलं नाही ना तुम्हाला?" आणि चष्मेवाले म्हणाले, "माझं जाऊ द्या, तुमचं बघा." कुणाच्या खांद्याला आधी मलम लावायचं यावर संध्याकाळ गेली. मलम ट्यूबमध्येच राहिलं.

लेक मात्र त्या रात्री टेबलाशी बसून सारखी लिहीत होती. आता तिला दिसलं होतं की फार माया असली तर दोघंही सोडून देतात किंवा दोघंही झडप घालतात, आणि दोन्हीकडून खुर्ची कुणालाच मिळत नाही. प्रकरण पुरं झालं. ते इतकं चांगलं झालं की त्याच्या जोरावर तिला दूरच्या शहरातल्या मोठ्या संस्थेत जागा मिळाली.

आणि इथे खरी पंचाईत झाली. संस्था राहायला घर देणार होती, पण त्या घरात चारच माणसांना परवानगी. लेक, जावई, नात आणि एक वडीलधारं माणूस. त्या माणसाचं नाव एकदा कळवलं की तीन वर्षं बदलता येत नव्हतं. दुसऱ्याने इथेच, या घरात राहायचं. एकट्याने.

"व्याही जातील," चष्मेवाले लगेच म्हणाले.

"भलतंच!" लिफ्टवाले म्हणाले. "जातील ते. लेकीचे वडील आहेत. मला इथे उत्तम आहे."

लिफ्टवाल्यांना सगळंच उत्तम असायचं. करपलेलं सूप उत्तम, सुजलेला गुडघा उत्तम, फरशीवरची झोप उत्तम. विचारायचा अवकाश, की उत्तर तयार.

चष्मेवाल्यांना जायचं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण इतकं जायचं होतं की त्या दिवसापासून त्यांना घास गिळवेना. नात रोज सकाळी त्यांच्या सतरंजीवर येऊन बसायची, त्यांचा चष्मा स्वतःच्या नाकावर ठेवायची, आणि दुकानातल्या त्यांच्याच आवाजात विचारायची, "आजोबा, हे स्पष्ट की ते?" एकदा स्वतःचं नाक दाखवायची, एकदा कान. ते म्हणायचे, "नाक स्पष्ट." मग ती खूश. तीन वर्षांनी ती सात वर्षांची झाली असती. सात वर्षांची मुलं कुणाचा चष्मा ओढत नाहीत.

पण लिफ्टवाल्यांचंही तेच होतं, हे काय त्यांना दिसत नव्हतं? नात लिफ्टवाल्यांच्या कमरेला मिठी मारून "तिसरा मजला!" म्हणायची आणि ते गुडघ्यांची पर्वा न करता तिला उचलून डोक्याच्या वर न्यायचे. खाली ठेवताना तोंडाने लिफ्टच्या घंटेचा आवाज काढायचे. त्या वेळचा त्यांचा चेहरा चष्मेवाल्यांनी पाहिला होता. तो चेहरा हिरावून घेऊन आपण तीन वर्षं जगायचं कसं?

नाव कळवायचा दिवस आला तरी दोघं हलेनात. जावई बिचारा दोन्हीकडून बोलणी खात होता. वडिलांना चला म्हटलं की ते "आणि सासऱ्यांना टाकून येऊ?" असं विचारायचे. सासऱ्यांना चला म्हटलं की ते "बापाला सोडून मला नेतोस?" म्हणायचे. शेवटी त्याने बोलणंच सोडलं आणि पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली.

दुपारी लेक दोघांसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"संध्याकाळी मला कळवायचंय. नाव नसेल तर वडीलधाऱ्यांची खोली आपल्याला मिळत नाही, म्हणजे दोघंही इथेच. मी माझ्या पुस्तकात याला समतोल म्हणते. उदाहरण म्हणून फार छान आहे. पण अप्पा, बाबा, माझ्या लेकीला मग एकही आजोबा मिळत नाही. आणि मला..." ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

दोघाही म्हाताऱ्यांना शरम वाटली. मग दोघंही एकदमच म्हणाले, "बघा, म्हणून म्हणतो, तुम्ही जा."

चष्मेवाल्यांनी मग शेवटचा उपाय काढला. बॅगेतून त्यांनी दुकानातली जुनी तपासणीची पेटी आणली. काचांच्या रांगा आणि ती जड, गोल फ्रेम, जिच्यात एकेक काच घालून काढता येते. धंद्यात त्यांना एक गोष्ट कळली होती. पुष्कळ माणसं डोळे तपासायला बसली तरी शिष्टाचार सोडत नाहीत. एवढा माणूस आपल्यासाठी काचा बदलतोय, त्याला वाईट वाटू नये, म्हणून काहीही घातलं तरी "हो हो, छान दिसतंय" म्हणतात. अशांसाठी ते मधूनच नुसती साधी काच घालायचे, बिननंबराची. ज्याला खरंच बघायचं असतं तो जरा थांबतो, डोळे बारीक करतो, मग कुरकुरत सांगतो. शिष्टाचारी माणूस लगेच खूश होतो.

"बसा, व्याही," ते म्हणाले. "जाण्याआधी तुमचा नंबर बघतो."

"तुम्ही जाण्याआधी," लिफ्टवाले म्हणाले, पण बसले.

समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. चष्मेवाल्यांनी व्याह्यांचा चष्मा काढून फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली आणि दोन्ही बाजूंना साध्या काचा सरकवल्या.

"आता कसं?"

"उत्तम!" लिफ्टवाले तत्काळ म्हणाले. "अगदी लख्ख."

"व्याही, या साध्या काचा आहेत."

लिफ्टवाल्यांनी बोटाने काच चाचपली.

"तुम्हाला काही दिसत नाहीये आणि तुम्ही लख्ख म्हणताय. आणि इथे राहायला उत्तम आहे, हे तुम्ही याच आवाजात म्हणालात. खरं सांगा. तुम्हाला जायचंय."

चोरी करताना पकडलेल्या माणसासारखे लिफ्टवाले फ्रेममधून बघत राहिले. मग त्यांनी ती काढली, चष्मेवाल्यांना समोर बसवलं, त्यांचा चष्मा हलकेच नाकावरून उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवला, आणि ती जड फ्रेम त्यांच्या कानांवर अडकवली.

"आता तुम्ही सांगा," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना विचारलंत. मी विचारतो. जायचं की राहायचं? हे स्पष्ट की ते?"

चष्मेवाल्यांच्या तोंडात "राहायचं" हा शब्द तयार होता. नेहमीचाच, गुळगुळीत झालेला. पण जिभेवर येता येता तो अडला. साध्या काचांतून त्यांना काहीच धड दिसत नव्हतं. समोर एक करडा धब्बा होता आणि तो व्याही होता. या धब्ब्याला आपण आजवर काय काय दिलं? टोस्ट दिला, खाट दिली, खुर्ची दिली. एक गोष्ट मात्र कधी दिली नाही. द्यायचा आनंद. तो दर वेळी आपणच हावरटासारखा ओढून घेतला आणि हा माणूस बिचारा आपल्यासारखाच हात पुढे करून उभा राहिला.

"जायचंय," चष्मेवाले म्हणाले. "मला जायचंय, व्याही. फार जायचंय. तुम्हाला इथे एकटं ठेवून जायचंय."

हे बोलताना त्यांना इतकी लाज वाटली, की चोरी केली असती तरी इतकी वाटली नसती. धब्बा हलला नाही.

"उत्तम," लिफ्टवाले म्हणाले.

लगेच म्हणाले. एका क्षणाचाही उशीर न करता. तोंडावर काय होतं ते चष्मेवाल्यांना दिसलं नाही, आणि मांडीवरचा चष्मा घालून बघायचं धाडसही झालं नाही. पण आवाज ओळखीचा होता. साधी काच घातल्यावर आला होता तोच.

"व्याही, मी परत..."

"आता मागे घ्याल तर याद राखा!" लिफ्टवाले ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते ओरडले. "पहिल्यांदा काहीतरी घेतलंत माझ्याकडून. सूनबाई! अगं ये बाहेर. नाव मिळालं!"

निघायच्या दिवशी खोकी आधी खाली गेली. मग लिफ्टचं दार उघडलं आणि लिफ्टवाल्यांनी ते पायाने अडवून धरलं. दार असं अडवू नये, हे त्यांनी जन्मभर लोकांना बजावलं होतं. "तुम्ही आधी," ते म्हणाले. चष्मेवाल्यांचं पाऊल सवयीने मागे आलं. त्यांनी ते पुढे टाकलं आणि आत जाऊन उभे राहिले. मागे शिंपी, भाडेकरू आणि दातांची डॉक्टर उभे होते. डॉक्टरने डोळे टिपले. चष्मेवाल्यांना वाटलं, आपल्यासाठी. पण ती लिफ्ट मोकळी होण्याची वाट बघत होती, असं शिंपी नंतर म्हणाला.

नात आईच्या खांद्यावरून मागे बघत ओरडली, "लिफ्ट-आजोबा, तिसरा मजला!" लिफ्टवाल्यांनी तोंडाने घंटेचा आवाज काढला. दार मिटलं.

नव्या घरात चष्मेवाल्यांना खिडकीजवळची खोली मिळाली. पहिल्या दिवशी ते फरशीवर झोपले. दुसऱ्या दिवशीही. जेवणात शेवटचा घास उरला की ते ताटली पलीकडे सरकवायचे आणि पलीकडे कुणी नसायचं. ताटली टेबलाच्या कडेशी जाऊन थांबायची. नात चष्मा घालून नाक दाखवायची आणि ते "नाक स्पष्ट" म्हणायचे, पण मन लागत नव्हतं. व्याह्यांचा फोन आला की "ठीक आहे हो, तुमच्याविना कसलं काय" म्हणायचे. तिकडून उत्तर यायचं, "उत्तम, उत्तम."

एका संध्याकाळी लेकीने ते फोनवरचं बोलणं ऐकलं आणि येऊन समोर बसली.

"बाबा, अप्पांनी त्यांचं सुख तुझ्याजवळ ठेवलंय. ते तुझ्यातूनच त्यांना मिळणार, दुसरी वाट नाही. तू इथे कुढत बसलास तर तुझंही गेलं आणि त्यांचंही. मग घेतलंस कशाला?"

"हे तुझ्या पुस्तकात आहे?"

"नाही," लेक म्हणाली. "हे मला कालच कळलं. तू झोपलास ना फरशीवर, तेव्हा."

त्या रात्री चष्मेवाले खाटेवर झोपले. गादी जाड होती. आधी अपराध्यासारखं वाटलं, मग कंबर सैल पडली, आणि मग त्यांना इतकी गाढ झोप लागली की सकाळी नात पोटावर चढून बसली तेव्हाच जाग आली. तिने चष्मा घातला होता, उलटा. "आजोबा, हे स्पष्ट की ते?" असं म्हणून तिने एकदा जीभ दाखवली आणि एकदा फ्रॉक वर करून बेंबी. चष्मेवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसता हसताच त्यांनी फोन लावला.

"व्याही," ते म्हणाले, "मी खाटेवर झोपलो. फार छान झोप लागली. आणि पोरगी माझ्या पोटावर बसलीय, बेंबी दाखवतेय. मला फार मजा येतेय, व्याही. खरंच फार."

पलीकडे काहीच आवाज आला नाही. चष्मेवाल्यांना वाटलं, फोन तुटला. मग लक्षात आलं की तुटलेला नाही, श्वास ऐकू येतोय. लिफ्टवाले थांबले होते. ते बराच वेळ थांबले.

"उत्तम नाही हो," अखेर ते म्हणाले. "घर फार रिकामं आहे. पण बरं वाटलं ऐकून. आज शेवटचा टोस्ट मी खाल्ला."

"कसा होता?"

पुन्हा थोडा वेळ गेला.

"वातड होता," लिफ्टवाले म्हणाले.